क्रूझवाल्यांचे शॉर्टफॉर्म: आधी पैशाची आणि वेळेची अक्षरं समजून घ्या

निळी_लाट

क्रूझबद्दल ऑनलाइन काही विचारलं की उत्तर साधारण असं येतं: "जीटीवाय बाल्कनी घेतली, ओबीसी आहे पण नॉन-रिफंडेबल, एफसीसी लावून पीआयएफ केलं, आता एमडीआरला लेट सीटिंग घेऊ की एमटीडी?" सांगणारा अगदी मनापासून सांगत असतो, पण नवीन माणूस तिथेच अडकतो आणि परत विचारायला संकोचतो. म्हणून हा धागा. नुसत्या याद्या हव्या तेवढ्या सापडतात पण सगळी अक्षरं पाठ करून कोणी बोटीवर चढत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या अक्षरांमागे आपले पैसे किंवा आपली वेळ अडकलेली असते ती बुकिंगच्या आधी नीट समजून घ्यायची, बाकीची वाचता वाचता आपोआप तोंडात बसतात.

वरचंच वाक्य घेऊ. जीटीवाय म्हणजे गॅरंटी केबिन. ऐकायला वाटतं सगळं पक्कं झालं, पण पक्का असतो तो फक्त केबिनचा प्रकार. बाल्कनीचे पैसे भरलेत तर बाल्कनी किंवा त्याहून वरचं काहीतरी मिळणार, पण कुठल्या डेकवर, पुढे का मागे, वर पूल आहे का खाली थिएटर, हे कंपनी ठरवणार आणि कधीकधी निघायला थोडे दिवस उरले की मग नंबर कळवणार. त्या बदल्यात भाडं बहुतेक वेळा कमी असतं. एकटा-दुकटा माणूस असेल, झोप गाढ असेल, तर बिनधास्त घ्या. आजी-आजोबांची केबिन शेजारीच हवी असेल, लिफ्ट जवळ हवी असेल किंवा बोट हलली की त्रास होत असेल तर जीटीवायच्या नादी लागू नका, चार पैसे जास्त देऊन मधल्या भागातली खालच्या डेकवरची केबिन नंबरासकट घ्या, तिथे हलणं सगळ्यात कमी जाणवतं.

ओबीसी म्हणजे ऑनबोर्ड क्रेडिट, आपल्या ओळखीच्या ओबीसीशी काही संबंध नाही. बोटीवरच्या तुमच्या खात्यात आधीच जमा केलेली रक्कम. यात एकच प्रश्न विचारायचा, रिफंडेबल आहे का नाही. रिफंडेबल असेल तर उरलेले पैसे परत मिळतात, नसेल तर शेवटच्या रात्री जे उरेल ते गेलं. ऑफरमध्ये "फुकट" मिळालेलं ओबीसी बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारातलं असतं.

पीआयएफ म्हणजे पेड इन फुल, पूर्ण पैसे भरून झाले. एमडीआर म्हणजे मेन डायनिंग रूम, आणि एमटीडी म्हणजे माय टाइम डायनिंग, ठरलेलं टेबल आणि ठरलेली वेळ (लेट सीटिंग म्हणजे त्यातलीच रात्रीची उशिराची वेळ) न घेता आपल्या सोयीने जेवायला जायचं. हेच कोणी एटीडी म्हणतं, कोणी वायटीडी, कंपनी बदलली की अक्षर बदलतं, अर्थ तोच.

एफसीसीबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, ते खाली लिहिते.

नवखा_प्रवासी

खूप गरजेचा धागा ताई. एफसीसी आणि एफसीडी दोन्ही वाचलंय आणि मला ते एकच वाटत होतं. आणि अजून एक, ओव्ही म्हणजे समुद्र दिसणारी खोली ना? मग ऑब्स्ट्रक्टेड काय असतं?

निळी_लाट

एकच नाहीत, आणि फरक पैशाचा आहे.

एफसीडी म्हणजे फ्यूचर क्रूझ डिपॉझिट. बोटीवर असतानाच पुढच्या क्रूझसाठी तुम्ही तुमच्या खिशातून भरलेली अनामत, त्यावर थोडं ओबीसी वगैरे मिळतं म्हणून लोक घेतात. एफसीसी म्हणजे फ्यूचर क्रूझ क्रेडिट, हे कंपनी तुम्हाला देते, क्रूझ रद्द झाली किंवा काही गैरसोय झाली म्हणून. २०२० मध्ये सगळ्या बोटी बंद पडल्या तेव्हा अनेक कंपन्यांनी रोख परताव्याऐवजी भाड्याच्या १२५ टक्के एफसीसी देऊ केलं होतं आणि तेव्हापासून हे अक्षर सगळ्यांच्या तोंडी बसलं. पण एफसीसीला सहसा मुदत असते, ज्याच्या नावावर आहे त्यालाच वापरता येतं, आणि बऱ्याचदा ते फक्त मूळ भाड्याला लागतं, कर आणि पोर्टचे चार्जेस वेगळे भरावे लागतात. म्हणून कोणी "एफसीसी घ्या की, फायदाच आहे" म्हणालं तर आधी या तिन्ही गोष्टी बघा आणि पुढची क्रूझ खरंच करणार आहात का ते स्वतःला विचारा. नक्की नसेल तर रोख परतावा मागायचा.

ओव्ही म्हणजे ओशनव्ह्यू, खिडकीची केबिन, बरोबर. ऑब्स्ट्रक्टेड म्हणजे खिडकीसमोर काहीतरी आडवं आहे, बहुतेक वेळा लाइफबोट. कधी अख्खी खिडकी नारिंगी-पांढऱ्या बोटीने भरलेली असते, कधी फक्त खालचा कोपरा झाकलेला असतो. ज्याला सकाळी नुसता उजेड हवा आहे त्याला स्वस्तात उत्तम.

डेक_अकरा

टिपेचं राहिलं ताई. डीएससी म्हणजे डेली सर्व्हिस चार्ज, काही ठिकाणी नुसतं ग्रॅट्स म्हणतात, ग्रॅच्युइटी म्हणजे इथे टिप. माणशी रोजचा ठराविक आकार तुमच्या खात्यावर आपोआप चढतो आणि बुकिंगच्या वेळी दिसलेल्या भाड्यात तो बहुतेक ठिकाणी धरलेला नसतो. एका कुटुंबाचा आठवड्याचा हिशोब केला की ही रक्कम बरीच होते. शिवाय बारमध्ये प्रत्येक बिलावर साधारण १८ ते २० टक्के वेगळे. "ड्रिंक पॅकेज फ्री" लिहिलेलं असलं तरी काही ऑफरमध्ये त्या पॅकेजवरची ग्रॅच्युइटी आपल्यालाच भरायची असते, तेव्हा डीबीपी म्हणजे डिलक्स बेव्हरेज पॅकेज हे अक्षर दिसलं की त्याखालची बारीक अक्षरं पण वाचा. बऱ्याच कंपन्यांत एका केबिनमधल्या एका मोठ्या माणसाने घेतलं तर दुसऱ्यालाही घ्यावं लागतं.

"ग्रॅट्स काढून टाकले" असं अभिमानाने सांगणारे लोक भेटतात. सेवा खरंच वाईट असेल तर जरूर बोला, पण केबिन आवरणारा माणूस, ताटं उचलणारा, ज्यांचा चेहराही दिसत नाही असे लॉन्ड्रीतले लोक, यांच्या कमाईत हा पैसा मोजलेला असतो. मला हे काढून टाकणं अजिबात पटत नाही.

शिडाची_होडी

मला त्रास झाला तो एकाच अक्षराचे दोन-तीन अर्थ असतात त्याचा. टीए म्हणजे ट्रॅव्हल एजंट, आणि टीए म्हणजे ट्रान्सअटलांटिकसुद्धा, त्यामुळे "माझ्या टीएने टीए स्वस्तात काढून दिली" हे वाक्य पूर्ण बरोबर आहे. सीसी म्हणजे कास्टअवे के, डिस्नेचं खाजगी बेट, आणि रॉयल कॅरिबियनवाले कोकोके बेटालाही सीसी लिहितात, दोन्ही बहामाजमध्येच. म्हणून कोकोकेला आता बरेच जण पीडीसीसी लिहितात, परफेक्ट डे अॅट कोकोके.

कंपन्यांची नावं तर अजून वेगळी. एनसीएल म्हणजे नॉर्वेजियन, डीसीएल डिस्ने, सीसीएल कार्निवल, आरसीआय किंवा आरसीसीएल म्हणजे रॉयल कॅरिबियन. एमएससी हे मेडिटरेनियन शिपिंग कंपनी, मालवाहू कंटेनरवर दिसतात तीच तीन अक्षरं. हॅल म्हणजे हॉलंड अमेरिका लाइन, १८७३ ची जुनी कंपनी, त्यांच्या प्रवासी बोटींची नावं डॅमने संपतात म्हणून कोनिंग्सडॅमला लोक नुसतं के-डॅम म्हणतात. आणि कोणी नुसतं एक्स लिहिलं तर ते सेलिब्रिटी. त्यांच्या धुराड्यावर दिसतो तो खरं तर ग्रीक लिपीतलं "काय" (Χ) नावाचं अक्षर आहे, कंपनी सुरू करणाऱ्या चांड्रिस घराण्याचं आद्याक्षर, १९९७ मध्ये कंपनी रॉयल कॅरिबियनकडे गेली तरी खूण तशीच राहिली.

सगळ्यात गोंधळ रॉयलच्या बोटींचा. प्रत्येक नाव "ऑफ द सीज" ने संपतं, त्यामुळे एओएस म्हणजे अॅडव्हेंचर पण, अल्युअर पण आणि अँथम पण. अॅडव्हेंचर आणि अल्युअर यांच्या आकारात जमीन-अस्मानाचा फरक आहे. कोणी एओएसवरच्या केबिनबद्दल सल्ला दिला तर आधी "कुठली ए?" एवढं विचारा.

दीपस्तंभ

वेळेच्या अक्षरांबद्दल मी लिहितो कारण इथे खरंच बोट चुकते.

शिप टाइम आणि लोकल टाइम. बोटीचं घड्याळ कॅप्टन ठरवतो, उतरलात त्या गावाचं घड्याळ वेगळं असू शकतं, आणि आपला फोन नेटवर्क मिळालं रे मिळालं की गावाची वेळ धरतो. कोझुमेलचं उदाहरण बघा. ते बेट मेक्सिकोच्या किंताना रू राज्यात येतं आणि त्या राज्याने २०१५ पासून वर्षभर एकच वेळ ठेवलीय, उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत. फ्लोरिडाहून उन्हाळ्यात निघालेली बोट जर आपलीच वेळ पाळत असेल तर ती कोझुमेलच्या एक तास पुढे असते. म्हणजे फोनवर साडेतीन वाजलेत म्हणून तुम्ही निवांत बसलेले असता आणि बोटीवर साडेचार वाजलेले असतात. साधं मनगटी घड्याळ शिप टाइमला लावून ठेवा आणि फोनकडे बघूच नका.

ऑल अबोर्ड म्हणजे बोट सुटायची वेळ नाही, तुम्ही आत असायची शेवटची वेळ, साधारण सुटायच्या अर्धा तास आधी. त्यानंतर धक्क्यावर पिशव्या सांभाळत जीव तोडून धावणाऱ्यांना पिअर रनर म्हणतात आणि वरच्या डेकवरून लोक त्यांचे व्हिडिओ काढतात, शिट्ट्या मारतात. मला हे बघवत नाही. त्यात कधी लहान मुलं असतात, कधी एखादी म्हातारी बाई असते, आणि धक्क्यावरचा दोर सुटलेला असतो. बोटीच्या कंपनीकडूनच घेतलेली सहल उशिरा आली तर बोट थांबते किंवा तुम्हाला पुढच्या बंदरात पोचवायची सोय कंपनी करते. बाहेरून स्वतः ठरवलेल्या सहलीला हे संरक्षण नाही, तिथे परतायला भरपूर वेळ हातात ठेवा.

टेंडर हा शब्दही वेळेचाच. धक्का नाही किंवा पुरत नाही अशा ठिकाणी बोट लांब नांगर टाकते आणि छोट्या बोटींनी लोकांना किनाऱ्यावर नेतात, सँटोरिनी आणि ग्रँड केमन ही नेहमीची उदाहरणं. वेळापत्रकात पोर्टच्या पुढे टेंडर लिहिलं असेल तर उतरायला रांग, परत यायला रांग, आणि समुद्र खवळला तर पोर्टच रद्द. तिथे सकाळची पहिली सहल बाहेरून बुक करू नका.

नवखा_प्रवासी

दीपस्तंभ दादा, हे मनगटी घड्याळाचं लक्षात ठेवतो. मस्टर हे काय प्रकरण आहे? आणि बीटूबी करायचा विचार आहे, त्यात कोणीतरी पीव्हीएसए लिहिलं आणि घाबरवून सोडलं.

दीपस्तंभ

मस्टर म्हणजे संकटाच्या वेळी तुम्ही जिथे जमायचं ती जागा आणि त्याची तालीम. हे टाळायचं नसतंच. टायटॅनिकनंतर १९१४ मध्ये समुद्रावरच्या सुरक्षिततेचा सोलास करार पहिल्यांदा झाला, आता चालतो तो १९७४ चा. पूर्वी तालीम प्रवास सुरू झाल्यापासून २४ तासांत घेतली तरी चालायची. जानेवारी २०१२ मध्ये कोस्टा कॉन्कॉर्डिया इटलीच्या किनाऱ्याजवळ खडकावर आदळली तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो लोकांची तालीम झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला, आता बोट सुटायच्या आधी किंवा सुटताक्षणीच ती व्हावी लागते. हल्ली बऱ्याच ठिकाणी ई-मस्टर असतं, व्हिडिओ फोनवर बघायचा आणि आपल्या स्टेशनवर जाऊन कार्ड स्कॅन करून यायचं. स्कॅन करून लगेच वळू नका, तिथून आपल्या केबिनपर्यंत जिन्याने एकदा चालत जा. आणीबाणीत लिफ्ट वापरायची नसते.

बीटूबी म्हणजे बॅक टू बॅक, एकाच बोटीवर लागोपाठ दोन क्रूझ. मधल्या दिवशी सगळे उतरतात, तुम्हाला इन-ट्रान्झिट कार्ड देतात आणि तुम्ही परत चढता. हा बोटीवरचा सगळ्यात सुंदर दिवस असतो, काही वेळ अख्खी बोट रिकामी मिळते.

पीव्हीएसए हा अमेरिकेचा १८८६ चा कायदा आहे, पॅसेंजर व्हेसल सर्व्हिसेस अॅक्ट. परदेशी झेंड्याच्या, म्हणजे दुसऱ्या देशात नोंदलेल्या, बोटीने अमेरिकेच्या एका बंदरातून चढलेला प्रवासी अमेरिकेच्याच दुसऱ्या बंदरात कायमचा उतरवायचा नाही, मधे एखादं दूरचं परदेशी बंदर लागलं असेल तरच चालतं. जवळपास सगळ्या मोठ्या क्रूझ बोटी परदेशी झेंड्याच्या असल्यामुळे हा कायदा सगळीकडे आडवा येतो. काही लोक याला जोन्स अॅक्ट म्हणतात, तो १९२० चा आणि मालवाहतुकीचा.

बीटूबीत गंमत अशी की दोन क्रूझ वेगवेगळ्या कायदेशीर असतात पण जोडल्या की नसतात. समजा पहिली सिअॅटलहून निघून कॅनडातल्या व्हँकूव्हरला संपते, दुसरी त्याच बोटीने व्हँकूव्हरहून अलास्कातल्या स्यूअर्डला. एकेक चालते. दोन्ही जोडल्या की तुम्ही सिअॅटलहून स्यूअर्डला गेलात आणि मधलं कॅनडा दूरचं धरत नाहीत. मग बुकिंग नाकारतात किंवा दंड तुमच्यावर येतो. एबीसी आयलंड्स म्हणजे अरुबा, बोनेअर, कुरासाव मात्र दूरची धरतात, दक्षिण अमेरिकेतली बंदरंही, म्हणून फ्लोरिडाहून पनामा कालव्यातून कॅलिफोर्नियाला जाणाऱ्या बोटी कोलंबियातल्या कार्टाहेनाला किंवा अरुबाला थांबलेल्या दिसतात. जिथून निघालात तिथेच परत येत असाल तर त्याला क्लोज्ड लूप म्हणतात आणि कुठलंही एक जवळचं परदेशी बंदर पुरतं. सिअॅटलहून अलास्काला जाऊन सिअॅटललाच परतणाऱ्या बोटी कॅनडातल्या व्हिक्टोरियाला, बऱ्याचदा संध्याकाळी थोडा वेळ, थांबतात त्या यासाठीच.

खारा_वारा

जरा हलकंफुलकंही येऊ द्या.

एफई म्हणजे फिश एक्स्टेंडर. डिस्नेच्या जुन्या बोटींवर प्रत्येक केबिनच्या दाराशेजारी धातूचा छोटा मासा किंवा शंख लावलेला असतो, निरोपाच्या चिठ्ठ्या अडकवायला. लोकांनी त्याला खाली कापडी खिशांची पट्टी टांगायला सुरुवात केली, आणि निघायच्या आधीच ठरवून गट पडतात आणि एकमेकांच्या खिशात लहान लहान भेटी टाकतात. मुलं दर वेळी केबिनकडे पळत जाऊन खिसे चाचपतात. ज्याने हे सुरू केलं त्याचं मला फार कौतुक वाटतं.

चेअर हॉग म्हणजे सकाळी उठून पूलपाशी खुर्च्यांवर टॉवेल टाकून दुपारपर्यंत न फिरकणारे. सी डे म्हणजे दिवसभर समुद्रात, पोर्ट डे म्हणजे बंदरात. रेपो म्हणजे रिपोझिशनिंग, हंगाम बदलला की बोट कॅरिबियनमधून युरोपला किंवा अलास्काकडे नेतात तो एका दिशेचा लांबचा प्रवास, सी डे भरपूर आणि भाडं बऱ्याचदा दिवसामागे कमी. लिडो म्हणजे पूल आणि बुफेचा डेक. डीएच, डीडब्ल्यू, डीडी, डीएस म्हणजे नवरा, बायको, मुलगी, मुलगा, पुढे डिअर लावलेलं. रोल कॉल म्हणजे त्याच तारखेच्या त्याच बोटीवर जाणाऱ्यांचा गट, एम अँड जी म्हणजे त्यांची बोटीवरची भेट.

आणि दारावर सजावटीचे मॅग्नेट लावणार असाल तर एक सांगून ठेवतो, उलटं अननस लावू नका. जोडीदार अदलाबदलीत रस असलेल्यांची ती खूण म्हणून ओळखली जाते. अनेकांना माहीत नसतं आणि नुसतं फळ सुंदर दिसतं म्हणून लावतात.

शिडाची_होडी

आणि क्वीन मेरी २, म्हणजे क्यूएमटू, तिच्या साउथहॅम्प्टन-न्यूयॉर्क प्रवासाला क्रूझ म्हणू नका, तिथले जुने प्रवासी लगेच सांगतात की हे क्रॉसिंग आहे. मला ते पटतं, ती २००४ पासून चालणारी खरीखुरी ओशन लायनर आहे, अटलांटिकच्या लाटांसाठी बांधलेली. पश्चिमेला जाताना बहुतेक रात्री घड्याळ एक तास मागे जातं, म्हणजे पंचवीस तासांचे दिवस, म्हणून लोक वेस्टबाउंड मुद्दाम निवडतात.

जीटी हे वजन नाही हेही सांगायला हवं. ग्रॉस टनेज म्हणजे बोटीच्या आतल्या एकूण जागेवरून काढलेला आकडा. त्याला प्रवाशांच्या संख्येने भागलं की स्पेस रेशो येतो, गर्दीचा अंदाज घ्यायला उपयोगी. आयकॉन ऑफ द सीज सुमारे २ लाख ४८ हजार जीटी आणि केबिनमागे दोघे धरून ५,६१० प्रवासी, रेशो ४४ च्या आसपास. क्यूएमटू सुमारे १ लाख ४९ हजार आणि २,७०० च्या जवळपास प्रवासी, म्हणजे ५५. आकाराने लहान असलेली बोट माणशी जास्त ऐसपैस निघाली.

नवखा_प्रवासी

बोटीच्या स्पीकरवर "ऑस्कर ऑस्कर" ओरडतात असं वाचलं, ते काय?

दीपस्तंभ

कोणीतरी पाण्यात पडलंय. आंतरराष्ट्रीय संकेतांत ओ अक्षराचा झेंडा, ज्याला ऑस्कर म्हणतात, त्याचा अर्थच मॅन ओव्हरबोर्ड. पुढे पोर्ट किंवा स्टारबोर्ड सांगतात. पुढे तोंड करून उभं राहिलं की पोर्ट डावीकडे, तिथे लाल दिवा, स्टारबोर्ड उजवीकडे, हिरवा. अल्फा म्हणजे बहुतेक ठिकाणी वैद्यकीय, ब्राव्हो म्हणजे आग, पण हे कंपनीप्रमाणे बदलतं. ऐकलं तर रेकॉर्ड करत रस्त्यात उभं राहू नका, क्रूला वाट द्या.

डेक_अकरा

पोर्ट-स्टारबोर्ड डोक्यात राहत नसेल तर कॉरिडॉरमध्ये खाली बघा, काही बोटींवर कार्पेटवरचे मासे सगळे पुढच्या दिशेने पोहताना काढलेले असतात. लिफ्टमधून बाहेर आल्यावर दोन्हीकडे सारखाच लांब कॉरिडॉर दिसतो तेव्हा याचा फार उपयोग होतो.

निळी_लाट

सगळ्यांनी छान भर घातली. व्हीएसपी राहिलं, ते मी टाकते. सीडीसी या अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेचा व्हेसल सॅनिटेशन प्रोग्राम, बोटीची स्वच्छता तपासून १०० पैकी गुण देतात, ८६ किंवा वर म्हणजे पास. गुण जाहीर असतात, आपली बोट शोधून बघता येते. नोरो म्हणजे नोरोव्हायरस, पोटाचा संसर्ग. सॅनिटायझर त्यावर कमी पडतं, साबणाने हात धुवा.

आणि जुन्या मंडळींना माझी एक विनंती आहे, नवीन कोणी विचारलं तर पहिल्यांदा पूर्ण शब्द लिहा, मग अक्षरं. आणि कंपनीचं नाव लिहायला विसरू नका, कारण निम्म्या अक्षरांचा अर्थ त्यावरच ठरतो. नवखा_प्रवासी, तुमची बीटूबी कुठून कुठे आहे ते दोन्ही क्रूझच्या बंदरांसकट टाका, दीपस्तंभ बघून सांगतील, त्याआधी डिपॉझिट भरू नका.

नवखा_प्रवासी

टाकतो ताई. पहिली सिअॅटलहून निघून सिअॅटललाच परत, मधे व्हिक्टोरिया. दुसरी त्याच बोटीने सिअॅटल ते व्हँकूव्हर.

दीपस्तंभ

मग चिंता नाही. चढताय अमेरिकेत, शेवटी उतरताय कॅनडात, दोन अमेरिकन बंदरांचा प्रश्नच येत नाही. फक्त कॅनडात उतरण्यासाठी तुम्हाला लागणारा व्हिसा आधी बघून ठेवा, आणि दोन्ही क्रूझला एकच केबिन मागा, नाहीतर मधल्या दिवशी सामान हलवत बसावं लागतं. त्यासाठी जीटीवाय घेऊ नका.